अमेरिकेत मेडिकलसाठी सायकॉलॉजी-सोशिऑलॉजीची अट: सुट्टीत कोल्हापुरातून पूर्ण करता येईल का?

राजारामपुरीचा_बाप

नमस्कार मंडळी. माझी मुलगी अमेरिकेत एका स्टेट युनिव्हर्सिटीत बायॉलॉजी घेऊन बी.एस. करतेय, दुसरं वर्ष संपत आलंय. तिचा जन्म तिकडचा, नागरिकत्वही तिकडचंच. ती लहान असताना आम्ही कोल्हापूरला परत आलो आणि बारावी सायन्सपर्यंत ती इथेच शिकली. सध्या माझ्या बहिणीकडे राहते. पुढे तिकडेच एम.डी.ला, म्हणजे तिकडच्या डॉक्टरकीच्या मूळ पदवीला, अर्ज करायचा आहे.

केमिस्ट्री, फिजिक्स, बायो सगळं व्यवस्थित चाललंय. पण परवा तिच्या ॲडव्हायजरनी सांगितलं की 'सोशल अँड बिहेवियरल सायन्स' या गटातला एकही विषय तिचा झालेला नाही आणि काही मेडिकल स्कूल तो मागतात. मेच्या मध्यावर ती घरी येईल, ऑगस्टमध्ये परत जाईल. एवढा वेळ हातात आहे तर इथे शिवाजी विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजात मानसशास्त्राचा पेपर दिला तर चालेल का? की तिच्याच युनिव्हर्सिटीचा उन्हाळी कोर्स घरी बसून ऑनलाइन करावा? तिच्या मैत्रिणी म्हणतात, कॉलेजच्या यादीत भूगोलाचा एक सोपा कोर्सही याच गटात मोजला जातो, तो घेऊन मोकळी हो.

आणखी एक विचारतो. नीटच्या तयारीत आम्हाला असं काही दिसलं नव्हतं. डॉक्टरला समाजशास्त्र कशासाठी लागतं, हे मला खरंच समजून घ्यायचं आहे. तिला "करून टाक बाई" एवढंच सांगून मला पुढे जायचं नाही.

एडिसनकर

दादा, आमच्या मुलाने हायस्कूलमध्ये सायकॉलॉजीचं एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचा कोर्स, केलं होतं. कॉलेजने त्याचं क्रेडिट दिलं, ट्रान्सक्रिप्टवर आलं. तरी दोन मेडिकल स्कूलनी एपी चालणार नाही, त्याच विषयातला पुढचा कोर्स करा असं सांगितलं. बाकीच्यांनी मान्य केलं. तुमच्या मुलीला एपीचा प्रश्नच नाही, पण प्रत्येक स्कूलचा नियम वेगळा असतो हे ध्यानात घ्या. एकाचं ऐकून दुसऱ्याचं ठरवू नका.

कृष्णाकाठची_डॉक्टर

दादा, नमस्कार. मी मूळची शिरोळ तालुक्यातली. बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी कोल्हापुरात केलं, लग्नानंतर इकडे अमेरिकेत आले, ग्रीन कार्ड झाल्यावर मेडिकलची वाट धरली आणि आता फॅमिली मेडिसिनमध्ये रेसिडेन्सी करतेय. तुमच्या प्रश्नात कोल्हापूरही आहे आणि माझा जिव्हाळ्याचा विषयही आहे, त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी शिवाजी विद्यापीठाचं. विद्यापीठ १९६२ सालचं, नावाजलेलं, शिकवणारेही चांगले. पण तिथला पेपर या कामासाठी उपयोगी पडणार नाही. एम.डी.चे बहुतेक अर्ज ॲमकॅस या सामायिक यंत्रणेतून जातात आणि ती परदेशी विद्यापीठाचे मार्क पडताळत नाही, जीपीएमध्येही (ग्रेडच्या सरासरीत) धरत नाही. माझं अख्खं बी.एस्सी. असंच बाजूला राहिलं. इकडे कम्युनिटी कॉलेजपासून सगळे विषय पुन्हा केले. बहुतेक मेडिकल स्कूलना हे विषय अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या कॉलेजात केलेले हवे असतात. मुलगी तिकडे शिकतेच आहे, तर तिथेच करू दे.

ऑनलाइनचं उत्तर स्कूलगणिक बदलतं. काही चालवून घेतात, काहींना वर्गात बसून केलेलं हवं असतं, काही म्हणतात लॅबचे विषय सोडून बाकीचे ऑनलाइन चालतील. एएएमसीची, म्हणजे तिकडच्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची, एमएसएआर नावाची माहितीसूची आहे. थोडी वर्गणी भरावी लागते, पण तिच्यात प्रत्येक स्कूलपुढे कुठला विषय सक्तीचा, कुठला नुसता शिफारस केलेला, एपी, ऑनलाइन आणि कम्युनिटी कॉलेज चालतं का, हे सगळं लिहिलेलं असतं. मुलीला ज्या दहा-पंधरा स्कूलमध्ये अर्ज करावासा वाटतो त्यांची पानं तिथे उघडून बघा. जिथे शंका राहील तिथे त्या स्कूलच्या ॲडमिशन ऑफिसला ईमेल करा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

भूगोलाचा कोर्स पदवीच्या नियमात बसेलही. पण कॉलेजने ठरवलेला गट आणि मेडिकल स्कूलला हवा असलेला गट एकच असेल असं नाही. ॲमकॅसच्या वर्गवारीत या गटात मानववंशशास्त्र, अर्थशास्त्र, कुटुंब-अभ्यास, सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजी येतात. हे विषय सायन्सच्या जीपीएत मोजत नाहीत, एकूण जीपीएत मोजतात. न्यूरोसायन्स मात्र बायॉलॉजीत जातं, त्यामुळे "मेंदूचा कोर्स केला, म्हणजे सायकॉलॉजी झाली" असं धरू नका. आणि साधी ग्रेड घ्यायला सांगा, पास-फेल नको. २०२०च्या कोरोनातल्या सेमिस्टरला बऱ्याच स्कूलनी सवलत दिली होती, ती तेवढ्यापुरती होती.

अट कागदावर नसलेल्या स्कूलमध्ये अर्ज करायचा असला, तरी परीक्षेत हा विषय चुकवता येत नाही. एमकॅट, म्हणजे तिकडची मेडिकलची प्रवेश परीक्षा, २०१५मध्ये बदलली. तेव्हापासून चौथा विभाग 'सायकॉलॉजिकल, सोशल अँड बायॉलॉजिकल फाउंडेशन्स ऑफ बिहेवियर' हा आहे: ५९ प्रश्न, ९५ मिनिटं. त्यात साधारण ६५ टक्के प्राथमिक सायकॉलॉजी, ३० टक्के सोशिऑलॉजी, ५ टक्के बायॉलॉजी. त्याला ११८ ते १३२ मध्ये गुण मिळतात, फिजिक्स-केमिस्ट्रीच्या विभागाला जेवढे वजन तेवढंच यालाही. आपल्याकडून गेलेली मुलं पहिल्या तीन विभागांत जीव ओततात आणि याला शेवटचे दोन आठवडे देतात. माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणांना मी असं करताना बघितलं.

त्यातही सायकॉलॉजी सगळे घेतात, सोशिऑलॉजी सोडून देतात. माझा आग्रह उलट आहे. पैसा, वेळ, चांगला प्राध्यापक यातलं जे काही ओतायचं असेल ते सोशिऑलॉजीवर ओता. सायकॉलॉजीतला पाव्हलॉव्ह, स्किनर, पियाजे, एरिक्सन हा भाग स्वतः वाचून बराचसा येतो. सोशिऑलॉजीला समोर शिकवणारा आणि वाद घालणारा वर्ग लागतो.

आता तुमचा 'कशासाठी'. माझी आई शिरोळ तालुक्यात आरोग्यसेविका होती. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या यायच्या, फडाजवळ पालं पडायची आणि आईच्या रजिस्टरमध्ये नवी नावं चढायची. त्यात कुणाला टीबी असायचा. टीबीचा साधा कोर्ससुद्धा सहा महिन्यांचा. हंगाम नोव्हेंबर ते मार्च, फार तर एप्रिल. गोळ्या संपायच्या आत माणूस गाव सोडणार हे पहिल्याच दिवशी माहीत असायचं. त्यात मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, एक दिवस दवाखान्यात गेला की खाडा. आई गोळ्यांची पाकिटं घेऊन पहाटे फडावर जायची, कारण दवाखान्याच्या वेळेत ती माणसं ऊस तोडत असायची. पुढच्या गावच्या आरोग्य केंद्राला फोन करून नाव कळवायची. हे सगळं मी लहानपणी बघितलं, पण त्याला अभ्यासाचा विषय म्हणतात हे मला माहीत नव्हतं.

इकडे सोशिऑलॉजीच्या वर्गात 'आजार्‍याची भूमिका' शिकवली. टॅलकॉट पार्सन्स या समाजशास्त्रज्ञाने १९५१मध्ये मांडलेली कल्पना: माणूस आजारी पडला की समाज त्याला कामातून सूट देतो, आणि बदल्यात त्याने बरं व्हायचा प्रयत्न करावा, डॉक्टरचं ऐकावं अशी अपेक्षा ठेवतो. मी हात वर करून विचारलं, ज्याच्या डोक्यावर उचल आहे त्याला सूट कोण देणार? प्राध्यापिकाबाईंनी त्या दिवशीचा उरलेला सगळा तास त्याच प्रश्नावर घेतला. पार्सन्सवर टीका करणाऱ्यांनी काय म्हटलं, संघर्षवादी याच माणसाकडे कसं बघतात, टीबी लपवायला लावणारा कलंक गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने कसा उलगडला. मला फडावरची ती माणसं डोळ्यांसमोर दिसत होती आणि त्यांच्याविषयी विचार कसा करायचा याची रीत पहिल्यांदा कुणीतरी हातात देत होतं.

आज वॉर्डात पेशंटच्या फायलीत 'औषधं घेत नाही' असं लिहिलेलं दिसलं की मी पुढचा प्रश्न विचारते. कामाची पाळी कुठली, औषध आणायला गाडी कोण चालवतं, घरात इन्सुलिन ठेवायला फ्रिज आहे का, हा आजार कुणापासून लपवावा लागतोय. यातून औषधाची वेळ बदलते, कधी औषधच बदलतं. पेशंट पुढच्या वेळी परत येतो. डॉक्टरी यावर चालते दादा, म्हणून हा विषय तिला मन लावून करू दे.

एएएमसीने २०११मध्ये भावी डॉक्टरांसाठी वर्तन आणि समाजशास्त्राचा पाया कसा असावा यावर सविस्तर अहवाल काढला होता. परीक्षेतला बदल त्याच काळातल्या विचारातून आला. मुलीला तो वाचायला द्या, फुकट मिळतो.

सीपीआर_इंटर्न

ताईंनी छान लिहिलंय. इकडचं थोडं सांगतो. नीटला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो एवढंच, ७२० मार्क. पण एम.बी.बी.एस.ला आल्यावर समाजशास्त्र भेटतंच, कम्युनिटी मेडिसिनमध्ये. आरोग्य आणि समाज-वर्तन यांचा संबंध असा वेगळा घटकच अभ्यासक्रमात आहे: कुटुंबाची पाहणी, सामाजिक-आर्थिक स्तर काढणं, दवाखान्यापर्यंत न येण्याची कारणं. २०१९पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात ॲटकॉम आलं, म्हणजे वृत्ती, नीती आणि संवाद. वाईट बातमी नातेवाइकांना कशी सांगायची हे आम्हाला वर्गात करून दाखवावं लागलं. इकडे ते प्रवेशानंतर येतं, तिकडे आधी मागतात, एवढाच फरक. मला विचाराल तर आधी असतं तर बरं झालं असतं. कम्युनिटी मेडिसिनच्या पोस्टिंगला खेड्यात जाईपर्यंत आमच्यातल्या बऱ्याच जणांनी रेशन कार्डाचे रंगसुद्धा नीट बघितले नव्हते.

राजारामपुरीचा_बाप

ताई, मनापासून आभार. रात्री मुलीला फोनवर तुमचं सगळं वाचून दाखवलं. ऊसतोडीचा भाग ऐकून ती गप्प झाली, मग म्हणाली, "बाबा, आपल्या पंचगंगेच्या घाटाजवळचा पूर आठवतो का, तेव्हा आपण शिबिरात भाकरी घेऊन गेलो होतो." २०१९ला ती शाळेत होती.

आता शिवाजी विद्यापीठाचा विचार सोडला. पण दोन गोष्टी राहिल्या. सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजी दोन्ही एकाच सेमिस्टरला घेतले तर ऑरगॅनिक केमिस्ट्रीवर ताण येईल का? आणि सुट्टीतले तीन महिने घरी आहेत, क्रेडिट नाही मिळालं तरी या विषयासाठी तिने इथे काय करावं?

निवृत्त_मानसशास्त्र

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात अनेक वर्षं मानसशास्त्र शिकवलं. दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो, पहिल्याचं ताईंनाच जास्त कळतं.

आपली कॉलेजं जूनमध्ये सुरू होतात. मुलगी ऑगस्टपर्यंत असणार, म्हणजे दीडेक महिना तिला वर्ग मिळू शकतात. एखाद्या विभागप्रमुखांना भेटून मागच्या बाकावर बसायची परवानगी मागा. आमच्याकडे कुणी असं आलं तर आम्हाला आनंदच व्हायचा. परीक्षा नाही, हजेरी नाही, नुसतं ऐकायचं. स्मृती, अध्ययन, व्यक्तिमत्त्व हे घटक पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर ऐकले की तिकडच्या वर्गात तिला धाप लागणार नाही.

आणि समाजशास्त्रासाठी तिला दसरा चौकात घेऊन जा. मुस्लिम बोर्डिंग, दिगंबर जैन बोर्डिंग, तो सगळा परिसर सावकाश पायी फिरा. राजर्षी शाहू महाराजांनी खेड्यातली मुलं शहरात शिकायला यावीत म्हणून वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं उभी करायला जागा आणि मदत दिली. २६ जुलै १९०२ला संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. १९१७ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. सामाजिक स्तरीकरण, गतिशीलता, सांस्कृतिक भांडवल हे शब्द ती तिकडे पुस्तकात वाचेल. इथे तिला दिसेल की राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण मिळालं की एका खेड्यातल्या मुलाची पुढची पिढी कुठे जाते. तुमच्या घरातही अशी एखादी गोष्ट असेल. आजोबा कुठल्या बोर्डिंगात होते का, तिला विचारू द्या. पश्चिम महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत ती सापडते.

पुराचं तिने स्वतः काढलं, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आपल्या लहान पोरांनाही पाठ. पण ३९ला कोण घर सोडतं आणि ४३ होऊनही कोण सोडत नाही, हा मानसशास्त्राचाही प्रश्न आहे आणि समाजशास्त्राचाही. जनावरं असतील तर माणूस थांबतो. भाड्याने राहणारा आणि घरमालक एकाच वेळी निघत नाहीत. गेल्या वेळी पाणी उंबऱ्यापर्यंत येऊन थांबलं असेल तर यंदाही थांबेल असं मन सांगतं. तिने शिरोळ किंवा चिखलीकडच्या चार-पाच घरांत बसून नुसतं ऐकावं. प्रश्नावली नको, रेकॉर्डिंग नको, परवानगी घेऊन गप्पा.

कृष्णाकाठची_डॉक्टर

सर, तुम्ही लिहिलेलं वाचून आईला फोन केला. २०१९ला ती कुरुंदवाडकडच्या शिबिरात ड्युटीवर होती. ती म्हणाली, लेप्टोच्या (पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) गोळ्या आणि क्लोरीन वाटणं दोन दिवसांत मार्गी लागलं, पण बीपीची गोळी कुठली हे म्हाताऱ्यांना सांगता येईना, कारण पाकीट घरात वाहून गेलेलं आणि गोळी 'ती पांढरी, बारकी' एवढीच ओळखीची. रात्री झोप नाही म्हणणाऱ्यांची रांग तिसऱ्या दिवसापासून वाढली. दादा, मुलीने ऐकायला जावं ते असलं ऐकायला.

एकच सावधगिरी. कोल्हापुरातल्या एखाद्या ओळखीच्या डॉक्टरांकडे बसली तर फक्त बघायचं. इंजेक्शन देणं, टाके घालणं, बीपी तपासून सल्ला देणं असलं काही करायचं नाही, कुणी प्रेमाने "कर गं" म्हटलं तरी नाही. अर्जात असं काही दिसलं तर तिकडे ते पेशंटच्या सुरक्षेचा प्रश्न म्हणून वाचतात, आणि ते बरोबरच आहे.

आता सेमिस्टरचं. ऑरगॅनिकबरोबर दोन्ही एकदम नकोत. येत्या फॉलला (ऑगस्टपासूनच्या सत्राला) सोशिऑलॉजी, स्प्रिंगला (त्यापुढच्या सत्राला) सायकॉलॉजी, असं मी लावेन. दोन्ही तीन-तीन सेमिस्टर क्रेडिटचे असतात. जी थोडी कॉलेजं क्वार्टर पद्धतीने चालतात तिथे तीन सेमिस्टर क्रेडिट म्हणजे साडेचार क्वार्टर क्रेडिट, तिचं तसं असेल तर हिशोब मांडून बघा. जिथे अट आहे तिथे सहसा एक किंवा दोन कोर्सचीच असते, म्हणजे या दोनांत ती भागते. एमकॅट तिसऱ्या वर्षाच्या शेवटी देणार असेल तर दोन्ही विषय ताजे राहतील.

जमल्यास एक स्टॅटिस्टिक्स. काही स्कूल मागतात, आणि या चौथ्या विभागात अभ्यासाची मांडणी, आलेख, नमुना कसा निवडला असे प्रश्न भरपूर येतात. माझ्या ओळखीच्या मुलींना हा विभाग अवघड गेला तो व्याख्यांमुळे नाही, तक्ते वाचता आले नाहीत म्हणून. ॲमकॅसमध्ये स्टॅटिस्टिक्स गणितात धरतात, म्हणजे सायन्सच्या जीपीएलाही हातभार लागतो.

सोशिऑलॉजीचा कुठला कोर्स हे निवडताना नाव बघू नका, अभ्यासक्रमाचं पान मागवा. 'इंट्रोडक्शन टू सोशिऑलॉजी' असेल तर उत्तम. 'मेडिकल सोशिऑलॉजी' मोह पाडतो, मलाही तो फार आवडला, पण तो पहिला घेतला तर दुर्खाइम, वेबर, मार्क्स हा पाया सुटतो. पहिला साधा, मग वेळ असेल तर तो.

एमएसएआरमधली स्कूलची यादी काढली की इथे टाका, ज्यांच्या अटी मला माहीत आहेत त्यांच्यापुढे लिहीन. आणि ॲडव्हायजरना या आठवड्यातच ईमेल करायला सांगा, फॉलच्या सोशिऑलॉजीच्या जागा लवकर भरतात.

राजारामपुरीचा_बाप

यादी तिने काढायला घेतली आहे, रविवारपर्यंत टाकतो. फॉलच्या सोशिऑलॉजीत जागा आहेत, सकाळच्या बॅचला नाव घातलं. सर, तुम्हाला वेगळा निरोप पाठवलाय, जूनमध्ये कुठल्या विभागात भेटायचं तेवढं सांगा. आणि हो, माझे आजोबा बोर्डिंगातच शिकले होते. कुठल्या, ते थोरल्या काकांना विचारून तिला लिहून पाठवतो.